मनकर्णा वरठीण आणि बिब्ब्याचा डाग

मनकर्णा वरठिणीचे हात ज्यानं एकदा पाहिले तो ते विसरत नसे. मनगटापासून खाली कातडी करपलेली, मधूनमधून गुळगुळीत पांढरे चट्टे, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना नखंच उरलेली नव्हती. खारमाती, उकळती भट्टी आणि बिब्बा यांनी मिळून ते हात तसे केले होते. पूर्णेच्या काठी, अकोल्यापासून बैलबंडीनं दिवसभराच्या वाटेवर, धामणझिरी नावाचं गाव होतं. त्या गावचं धुणं तिच्या सासऱ्याच्या आज्यापासून त्याच वरठ्याच्या, म्हणजे धोब्याच्या, घराकडे चालत आलेलं होतं.

कपड्यावर पडणारा झाडापाल्याचा एकही डाग तिला नवा नव्हता. कपाशीच्या कच्च्या बोंडाचा हिरवा डाग ती आंबट ताकात भिजवून काढी. केळीचा चीक ओला असला तर लगेच सुटे. वाळून काळसर पडला की आधी गोडं तेल चोळायचं, मग भट्टीत घालायचा. डाळिंबाच्या सालीचा डाग मोठा हट्टी. लिंबू आणि कडक ऊन यांनी तो फिका होई, पण पुरता जात नसे. बिब्ब्याच्या डागाबद्दल मात्र ती कोणाला आशा दाखवत नसे. बिब्बा जात नाही, म्हणून तर वरठी खूण घालायला तोच घेतो. बाभळीचा काटा बिब्ब्यात टोचायचा, कपड्याच्या आतल्या अंगाला ठिपके आणि रेघा काढायच्या, वरून ओला चुना दाबायचा. खूण काळी पडते आणि कपडा फाटेपर्यंत राहते. गावातल्या प्रत्येक घराची खूण वेगळी होती. खुशालरावांच्या घरच्या कपड्यांना दोन ठिपके आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ असे.

खुशालराव गावातले सर्वांत मोठे जमीनदार. त्या वर्षांत दूर समुद्रापलीकडं गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या रुईला कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कपाशी लावली. ज्यांच्या अंगावर जाडंभरडं असायचं ते मलमल नेसू लागले. आणि रस्त्यावर रक्त सांडू लागलं. अकोल्याच्या बाजारात आधी बंडी कोणाची उभी राहणार यावरून डोकी फुटत. वखारींच्या दलालांनी राखणीला लाठीवाले ठेवले होते. ते दिवसा राखण करत आणि अंधार पडला की त्यांतलेच काही वाटेवर दबा धरत. त्यांची रीत साऱ्या बंडीवाल्यांना ठाऊक होती. बंडी हाकणारा गडी सापडला तर त्याला झोडपून हाकलून देत, कारण त्याच्या बोलण्याला विचारतो कोण. पण बंडीवर मालकाच्या घरचा माणूस असला तर त्याला जिवंत सोडत नसत. त्याचं ऐकणारे लोक असतात.

मनकर्णेचा एकुलता मुलगा शालिकराम धुण्याचा दगड सोडून खुशालरावांच्या बंडीवर लागला होता. अंगानं उंच, बोलायला हसरा. त्याची बायको सुभद्रा बाळंतपणाला अकोल्यापलीकडं माहेरी गेली होती, आणि तिला मुलगी झाल्याचा निरोप आला होता. त्या आठवड्यात खुशालरावांची कापसाची बंडी घेऊन शालिकराम अकोल्याला निघाला. माल वखारीत उतरवायचा, आणि तसंच पुढं जाऊन लेकीचं तोंड पाहून यायचं, असं ठरलं.

आता वरठ्याच्या घरातली एक गोष्ट साऱ्या मुलखाला माहीत असते. धुवायला आलेला कपडा परत जाण्याआधी एखाद दिवस वरठ्याच्या अंगावर चढतो. लोक त्यावरून टोमणे मारतात, शिव्याही देतात, पण ते चालत आलेलं आहे. मनकर्णेनं घडी करून ठेवलेल्या कपड्यांतून खुशालरावांचा लग्नाकार्यात घालायचा अंगरखा काढला. पांढराशुभ्र, हिरव्या रेशमी बंदांचा. तो तिनं लेकाच्या हातात दिला आणि गाव मागं पडल्यावर घाल म्हणून सांगितलं.

"सासुरवाडीले जाऊन राहिला," ती म्हणाली. "तिथं वरठ्यासारखा कावून जातं?"

"अन् मालकानं पायलं तं?"

"मालक लगनाबिगर हात लावत नाही त्याले. तू ये, म्या धुऊन ठेवीन."

तो हसत गेला. पुन्हा आला नाही. बंडी आली नाही, बैलं आली नाहीत. अकोल्याच्या वखारीत माल पोचलाच नव्हता, आणि सुभद्रेच्या माहेरी कोणी त्याला पाहिलं नव्हतं.

खुशालरावांनी फार विचार केला नाही. भाव असा चढलेला, दोन दांडगी बैलं, भरलेली बंडी, आणि वर एक तरणा वरठी. पळाला, आणखी काय. सकाळी ते चार गडी घेऊन घाटावर उतरले तेव्हा मनकर्णेचा नवरा नत्थू गुडघाभर पाण्यात उभा राहून धोतर आपटत होता. कोणी त्याला काही विचारलं नाही. पहिली उभारी त्याच्या पाठीत बसली. बंडीच्या कडेला उभा रोवतात तो खुंट म्हणजे उभारी, भरीव लाकडाची. दुसरी कोपरावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या काठावर ऐकू गेला. तो पाण्यात पडला, त्याला केसांना धरून वर काढला आणि पुन्हा मारला. मनकर्णा मधे गेली तेव्हा एकानं उकळती भट्टी लाथेनं लवंडली. खाराचं पाणी तिच्या दोन्ही पायांवरून गेलं. दुसऱ्यानं जाता जाता गाढवाच्या मागच्या पायावर कुऱ्हाड घातली. ते बिचारं तीन पायांवर नदीत शिरलं आणि तिथंच बसलं.

पोरगा कुठं लपवला, हे खुशालराव पुन्हा पुन्हा विचारत होते. तिला माहीत असतं तर तिनं त्या घडीला सांगून टाकलं असतं. मग त्यांना मधेच आठवलं आणि त्यांनी अंगरखा मागितला. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न होतं.  त्यावर डाळिंबाचा डाग सापडला आहे, उन्हात लिंबू लावून ठेवला आहे, असं मनकर्णा म्हणाली. लग्नाच्या आत आणला नाहीस तर घर पेटवीन, असं सांगून ते वर चढले.

त्याच दिवशी चावडीपुढं उभं राहून त्यांनी साऱ्या गावाला ऐकवलं की शालिकराम चोर, त्याला लपवणारे त्याचे आईबाप चोर, आणि चोराच्या हातात कोणी कपडा देऊ नये. गावानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात एक फडकंसुद्धा पडलं नाही. सुभद्रेच्या बापाचा निरोप आला की लेक आणि नात चोराच्या घरी नांदायला येणार नाहीत. नत्थू फाटक्या गोधडीवर पडून होता. फासळ्या मोडल्यामुळं त्याला पुरता श्वास घेता येत नव्हता. तो मारामुळं रडला नाही. पण शेजारची पोरं भिंतीपलीकडून चोर म्हणून ओरडायची तेव्हा तो तोंडावर गोधडी ओढायचा.

मनकर्णेला आपला पोरगा कुठं गेला हे आतून कळलं होतं. तो बैलं घेऊन पळणारा नव्हता, आणि लेकीला पाहिल्याशिवाय राहणारा तर नव्हताच. तिला आता एकच हवं होतं. ज्या तोंडानं चावडीवर शालिकरामला चोर म्हटलं त्या तोंडानं तिथंच, त्याच लोकांपुढं, ते मागं घ्यावं. नत्थूचे डोळे उघडे आहेत तोवर. नत्थूला दीराच्या हवाली करून, भाजलेल्या पायांना चिंध्या बांधून ती अकोल्याला चालत निघाली.

अकोल्यात मोर्णा नदीच्या घाटावर गंगूबाई नावाची तिची दूरची नातलग धुणं करत असे. तिनं दगडाचा एक कोपरा मनकर्णेला दिला. मनकर्णा वखारीच्या लोकांचे कपडे धुवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या बंडीवाल्यांना विचारायची. उंच पोरगा, दोन बैलं, त्यांतल्या एकाचा कान अर्धा तुटलेला. बंडीवाले मान हलवायचे. त्यांच्यातल्याही कोणाचा भाऊ गेला होता, कोणाचा भाचा.

असे काही दिवस गेल्यावर सूर्यभान जमादार घाटावर आला. नदीपलीकडच्या एका वखारीच्या राखणदारांवरचा हा म्होरक्या. कधीकाळी पलटणीत होता असं तो स्वतःच सांगे. मान जाड, आवाज मोठा. बायका त्याला पाहून पदर सावरायच्या. त्यानं एक बोचकं दगडावर टाकलं. त्यात दोन धोतरं होती आणि एक अंगरखा. हिरव्या रेशमी बंदांचा.

त्याला धोतरांची काळजी नव्हती. त्यानं अंगरखा उलटा केला आणि मानेजवळच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. दोन ठिपके, खाली आडवी रेघ.

"हा डाग काढून दे," तो म्हणाला. "कोण्या गावच्या वरठ्यानं काळं केलं कोण जाणे. चांगल्या कपड्याची इज्जत घालवली."

मनकर्णेनं अंगरखा हातात घेतला. डाव्या कुशीखाली चार बोटांची चीर होती आणि ती जाड दोऱ्यानं कोणीतरी शिवली होती. आजूबाजूचं कापड थंड पाण्यात नीट धुतलं होतं. पण रक्त धुतल्यावर कडेला जी वेलीसारखी पिवळट रेघ उरते ती तिथं होती. इतर कोणाला ती दिसली नसती. तिनं त्या वेलीवर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून, हा कपडा कुठून घेतला असं सहज विचारलं. बाजारात एका फेरीवाल्याकडून, असं तो म्हणाला. परवाच्या बाजाराला हाच घालून मिरवायचा आहे, उद्या दिवस मावळायच्या आत पाहिजे. आणि डाग राहिला तर तुझंच तोंड या दगडावर धुवीन, असं सांगून तो वखारीकडं गेला.

मनकर्णा पाण्यात बसली. गंगूबाईनं तिला काखेत हात घालून वर ओढलं नसतं तर ती तशीच खाली गेली असती. शुद्धीवर आल्यावर तिनं गंगूबाईला सगळं सांगितलं, अंगरखा आपणच घालायला दिला तेही सांगितलं. साध्या कपड्यांत असता तर पोरगा चार तडाखे खाऊन घरी आला असता. या कपड्यानं त्याला मालक केला, आणि मालकाला ते सोडत नाहीत.

गंगूबाई म्हणाली की अंगरखा घे आणि आताच्या आता खुशालरावाच्या पायावर नेऊन टाक. परवा बाजाराला तो येणारच आहे, नाहीतर तेव्हा टाक.

"टाकला तं काय म्हणन तो?" मनकर्णा म्हणाली. "म्हणन पोरानं बंडी इकली, बैल इकले, अन् माह्या अंगरखाही इकला. हा कपडा माह्या लेकाले अजून चोर करते, बाई. त्या मुडद्या जमादाराच्या तोंडून निघाल्याबिगर काही होत नाही."

ते कसं काढायचं हे तिला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की जो माणूस मार देऊन जगतो तो दुखणं सोसायला शिकलेला नसतो. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला त्याचं अंग जळालेलं पाहायचं होतं. बाकीचा विचार मागून आला.

हिवाळ्याचे दिवस, बाजारात ताजे बिब्बे आलेले. तिनं पदरभर बिब्बे आणले. हातांना कोपरापर्यंत तिळाचं तेल चोपडलं. बिब्बे मडक्यात घालून निखाऱ्यावर धरले, तसा दाट तपकिरी रस सुटू लागला. चुना लागला नाही तोवर तो फार काळा दिसत नाही. मग तिनं अंगरख्याची शिवण आतून थोडी थोडी उसवली. मानेची पट्टी, काखा, कुशी, बंदांची गाठ जिथं पोटावर येते ती जागा. काडीला चिंधी गुंडाळून जाड शिवणीच्या आत तिनं तो रस मुरवला आणि वरून पुन्हा टाका घातला. धोतरांच्या कमरेच्या काठालाही तेच केलं. तेल असूनही तिच्या दोन बोटांवर फोड उठले. ती बोटं तिनं पाण्यात बुडवली नाहीत.

मानेजवळची खूण जाणार नव्हतीच. ती तिनं कापून काढली, खालच्या दुमडीतलं तेवढंच कापड घेऊन तिथं बेमालूम रफू केलं, आणि कापलेला तुकडा पदराच्या गाठीत बांधला.

सूर्यभान ठरल्या वेळी आला. त्यानं मान उलटी करून पाहिली, डाग नाही हे पाहून खूश झाला, आणि तिथंच घाटावर अंगरखा अंगात घातला. हात पसरून त्यानं स्वतःला वरून खाली पाहिलं आणि गंगूबाईला विचारलं की मी नवरदेव दिसतो का. गंगूबाई म्हणाली की दिसतोस बाबा, हळद तेवढी राहिली. तो हसत गेला. त्या संध्याकाळी तो तो अंगरखा घालूनच वखारीत बसला, आणि म्हणतात, तसाच झोपला.

दुसऱ्या दिवशी बाजार. उजाडताच अकोल्याच्या चारी वाटांनी बंड्या येऊ लागल्या. मनकर्णा घाटावर उभी होती. खुशालरावांच्या बंड्या आल्याची खबर गंगूबाईनं आणली, आणि जवळजवळ त्याच वेळी पलीकडच्या काठावरून गुरासारखा ओरडत सूर्यभान नदीत उतरला. त्याच्या मागं त्याचे दोन साथीदार होते.

बिब्बा त्याला भयंकर उतला होता. मान सुजून हनुवटीला भिडलेली, डोळे बारीक झालेले, आणि गळ्याभोवती पाणी भरलेल्या फोडांची माळ. अंगरखा फोडांना चिकटल्यामुळं तो त्याला काढता येत नव्हता. ओढला की कातडी बरोबर येई. कोणीतरी वखारीत त्याला सांगितलं होतं की हा बिब्बा आहे आणि ही वरठिणीची करणी आहे. तो लाठी घेऊन आला होता.

मनकर्णा पळाली. पण घराकडं नाही, बाजाराकडं. भाजलेले पाय अजून पुरते भरले नव्हते. धावताना चिंध्या सुटल्या आणि मागं रक्ताचे ठसे उमटत गेले. दाटीवाटीनं उभ्या कापसाच्या बंड्यांमधून ती वाट काढत होती आणि मागून लाठी बंड्यांच्या चाकांवर आपटत येत होती. खुशालरावांच्या बंडीपाशी ती पोचली तिथंच त्यानं तिला गाठलं. पहिल्या तडाख्यात तिचा खांदा निखळला. दुसऱ्यानं तोंडातले दोन दात पडले. तो तिला केसांना धरून फरपटवू लागला, तेव्हा तिनं पदराची गाठ दातांनी तोडली आणि तो तुकडा खुशालरावांच्या पायाशी टाकला.

खुशालरावांनी आधी तो तुकडा पाहिला. मग समोरच्या माणसाच्या अंगावरचे हिरवे बंद पाहिले. त्यांनी पुढं होऊन सूर्यभानची लाठी धरली. भोवती बंडीवाले जमले होते.

"हा अंगरखा माह्या हाये," खुशालराव म्हणाले. "माह्या बंडीवरचा वरठ्याचा पोट्टा घेऊन पळाला तो. तुले कुठं भेटला तो चोर? बोल."

सूर्यभान आगीनं वेडा झाला होता. त्याला फेरीवाल्याची गोष्ट आठवली नाही. त्याला नवल वाटलं तेच तोंडून निघालं.

"वरठ्याचा पोट्टा कोण?" तो म्हणाला. "तो तं सांगे, मी मालकाचा पोरगा हाये, बंडी माह्या बापाची हाये."

मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. 

मनकर्णा मातीत पडलेली होती. पोराला भीती वाटली असेल, तिच्या मनात आलं. अंधारात तिघांनी घेरल्यावर त्यानं अंगावरच्या कपड्याचा आधार घेतला असेल. मालकाचं नाव ऐकून तरी सोडतील, असं वाटलं असेल त्याला. तेवढ्यासाठीच तर त्यांनी त्याला मारला.

पुढचं फार वेळ चाललं नाही. ज्या बंडीवाल्याचा भाऊ गेला होता त्यानं आपल्या बंडीची उभारी उपसली आणि सूर्यभानच्या सुजलेल्या मानेवर घातली. तो गुडघ्यावर आला. मग सगळ्यांनीच उपसल्या. लाकूड ओल्या धुण्यावर बसावं तसा आवाज येत राहिला. त्याचा एक साथीदार बंडीखालून निसटू पाहत होता, त्याचा पाय चाकाच्या आऱ्यात अडकवून बैल पुढं हाकला. दुसऱ्यानं हात जोडले आणि सगळं सांगितलं. बैलं वखारीमागच्या गोठ्यात आहेत, शिंगं रंगवलेली आहेत. पोरगा नाल्याकाठच्या पडक्या विहिरीत आहे, वर काटेरी फांद्या टाकल्या आहेत. सांगून झाल्यावर त्यालाही कोणी सोडलं नाही. आजूबाजूच्या कापसावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि दलाल तो माल मागं सारा म्हणून ओरडत होते.

सरकारी शिपाई आले तेव्हा हे कसे मेले असं त्यांनी विचारलं. बिब्बा उतून मेले, असं एक म्हातारा बंडीवाला म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुटलेल्या कानाचा बैल आणि त्याचा जोडीदार गोठ्यातून निघाले, म्हणून शिपायांनी वखारीकडं मोर्चा वळवला.

खुशालरावांचा राग मात्र अजून कुठं बाहेर पडायचा होता. बैलं मिळाली, चोर मेले, आणि पायाशी ही बाई पडली होती. त्यांनी तिला विचारलं की पोराच्या अंगावर माझा अंगरखा कसा आला.

ती उठून बसली. तोंडातून रक्त येत होतं, ते तिनं पुसलं.

"म्या देल्ता, मालक. त्यानं नाही घेतला. म्याच त्याच्या आंगावर घातला."

त्यांनी चाबूक उचलला आणि तिच्या पाठीवर ओढला. तिनं पाठ वळवली नाही की हात मधे आणला नाही. दुसरा, तिसरा. लुगडं फाटलं.

"मारा," ती म्हणाली. "अंगरख्यापायी मारा, तो गुन्हा माह्या हाये. पण माह्या लेकाले चावडीवर चोर म्हनलं तुमी. ते मागं घ्या. तिथंच. त्याच लोकाइसमोर."

चाबूक पुन्हा वर गेला. पण भोवतीच्या बंडीवाल्यांच्या हातांत अजून उभाऱ्या होत्या आणि त्या ओल्या होत्या.  खुशालरावांनी चाबूक खाली केला आणि गड्यांना विहिरीकडं बंडी न्यायला सांगितलं.

शालिकरामला वर काढलं तेव्हा ओळखायला त्याचा पुढं आलेला एक दात तेवढा उरला होता. त्याच बंडीवर, कापसाच्या रित्या बोऱ्यात गुंडाळून, त्याला धामणझिरीला आणलं. मनकर्णा बंडीच्या मागं चालत आली. कोणी बस म्हटलं तरी बसली नाही.

चावडीपुढं बंडी थांबली. गाव गोळा झालं. खुशालराव खाली मान घालून उभे होते, मग एकदम बोलले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या माणसाला ऐकू गेला.

"शालिकरामनं बंडी नाही चोरली," ते म्हणाले. "बंडी राखताना मेला तो. मी चुकीचं बोललो. अंगरखा त्याच्या मायनं देल्ता, त्याची शिक्षा तिले भेटली."

आणि ते वाड्याकडं निघून गेले.

बंडी दारापुढं आली आणि मनकर्णा घरात गेली. नत्थू गोधडीवर होता, बाहेरचा गलबला त्यानं ऐकला होता पण शब्द ऐकू आले नव्हते. त्याला उठता येत नव्हतं, पण दारातून बंडीवरचा गुंडाळलेला बोरा दिसत होता. तिच्या तोंडाकडं, पाठीकडं त्यानं पाहिलं.

"म्हनला तो?" त्यानं विचारलं.

"म्हनला."

"समद्याइसमोर?"

"समद्याइसमोर."

नत्थूनं तोंडाजवळ ओढलेली गोधडी बाजूला सारली. मोडक्या फासळ्यांमुळं त्याला हुंदका देता येत नव्हता, म्हणून तो आवाज न करता रडला, बराच वेळ. मग म्हणाला, "आन त्याले आत. मी पाहतो त्याले."